दिसतंय की

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आण्णा दूध घेऊन आले आणि दारातल्या रांगोळीवरनं चालत थेट आत आले. वहिनीनं पहाटे साडेपाचला उठून काढलेली, चांगली दारभर रांगोळी, जांभळा आणि केशरी रंग भरलेली, आणि तिच्या मधोमध आण्णांच्या चपलांचे ठसे. आई ओरडली, "आवो, एवढी मोठी रांगोळी दिसली न्हाई व्हय?" आण्णा मागं वळून बघत नुसते उभे राहिले. तो चेहरा माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. चुकलं म्हणून ओशाळलेला चेहरा नव्हता तो, त्यांना खरंच कळत नव्हतं की ही रांगोळी आली कुठनं.

आता आण्णा म्हणजे कोण, तर माझे वडील, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जवळजवळ चाळीस वर्षं साज गुंफलेला माणूस. कोल्हापुरी साज ज्यांनी जवळनं बघितलाय त्यांना माहितीये, जवमणी आणि त्यात मधे मधे पानं, सोन्याच्या पातळ पत्र्याची, आतनं लाख भरलेली, मासा, कमळ, चंद्र अशी, 21 पानं धरतात आणि त्यातली 10 दशावताराची. प्रत्येक पान सरळ बसलं पाहिजे, एक जरी तिरकं झालं तरी गळ्यात घातल्यावर सगळा साज वाकडा दिसतो. हे काम आण्णा बासष्टाव्या वर्षी पण करत होते, चाळिशी नाकावर, हातात चिमटा, आणि मणी कधी खाली पडायचा नाही. त्यामुळे आण्णांचे डोळे हा आमच्या घरात काळजीचा विषयच नव्हता कधी. उलट सुईत दोरा ओवायचा असला की आई त्यांनाच हाक मारायची.

रांगोळीनंतर मात्र मी जरा लक्ष ठेवायला लागले, आणि मग एकेक दिसत गेलं. टेबलाच्या कडेला ठेवलेला तांब्या त्यांच्या हातानं पडायचा. महाद्वार रोडला चालताना बाजूनं आलेल्या गाडीला ते दचकायचे, म्हणजे गाडी आधी दिसायचीच नाही, एकदम अंगावर आल्यासारखी. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. आम्ही सगळे एकच म्हणायचो, लक्ष कुठं असतं तुमचं. मी पण म्हणायचे. एकदा चिडून म्हटलं, आण्णा डोळे तपासून घ्या बघू, तर त्यांनी शांतपणे सुई घेतली, दोरा घेतला, माझ्यासमोर पहिल्या झटक्यात ओवला आणि म्हणाले, "दिसतंय की मला. हे बघ." आणि मी गप्प बसले, कारण यापुढं बोलायला काय राहिलं?

इथंच आमची चूक झाली आणि ती चूक घरोघरी होते म्हणून हे एवढं लिहायला बसलेय. काचबिंदू नावाचा आजार मधली नजर शेवटपर्यंत सोडून देतो आणि कडेनं खात येतो. सुईत दोरा जातो, पेपर वाचता येतो, चष्म्याच्या दुकानातली खालची बारीक ओळ पण वाचता येते, आणि तरी पायाजवळची रांगोळी दिसत नाही. आण्णा दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढून घ्यायचे, अक्षरं वाचायचे, नंबर थोडा इकडं तिकडं, नवीन फ्रेम, झालं. डोळ्याचं प्रेशर बघायचं असतं, मागची नस बघायची असते, हे त्या सगळ्या वर्षांत ना कुणी सांगितलं ना आम्ही विचारलं.

सापडलं ते पण आत्यामुळं. आत्याला मोतीबिंदू झाला होता आणि तिला राजारामपुरीत डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, सोबतीला आण्णा आणि मी. डॉक्टर मॅडमनी आत्याला तपासता तपासता विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का. आत्या म्हणाली, न्हाई बाई, आमच्या वडलांना मोतीबिंदू हुता, पिकून गेला आणि म्हातारपणी कायबी दिसंना झालं. मॅडम थांबल्या. म्हणाल्या, ऑपरेशन केलं नव्हतं का? नव्हतं केलेलं. मग त्यांनी आण्णांकडं बघून नुसतं म्हटलं, "तुम्ही पण बसा जरा इथं." तपासणीच्या खुर्चीत बसताना आण्णांचा पाय पायट्याला अडखळला, ते मॅडमनी बघितलं आणि मी पण बघितलं.

प्रेशर निघालं उजव्या डोळ्यात 26 आणि डाव्यात 30. साधारण 10 ते 21 असावं लागतं. मला तोवर वाटायचं की डोळ्याचं प्रेशर म्हणजे बीपीचाच काहीतरी प्रकार, तर तसं नाही. डोळ्याच्या आत पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सारखा तयार होत असतो आणि एका कोपऱ्यातल्या बारीक जाळीतनं तो बाहेर निघून जात असतो. मोरीची जाळी हळूहळू तुंबावी तशी ती जाळी तुंबली की आत दाब वाढतो आणि तो दाब मागं जाऊन डोळ्याच्या नसेवर बसतो. दुखत नाही. लाल होत नाही. पाणी येत नाही. नसेचे बारीक बारीक धागे एकेक करून मरत राहतात, वर्षानुवर्षं. मॅडमनी स्क्रीनवर नसेचा फोटो दाखवला, पिवळसर गोल आणि त्यात मधे वाटीसारखा खोलगट भाग, तो निरोगी डोळ्यात लहान असतो, आण्णांच्या डाव्या डोळ्यात ती वाटी जवळजवळ काठापर्यंत पसरली होती. आणि काही लोकांचं प्रेशर नॉर्मल असून पण नस खराब होते, म्हणून नुसत्या आकड्यावर पण विसंबायचं नाही, नस बघावीच लागते.

मग नजरेच्या घेराची टेस्ट. ही टेस्ट मी जन्मात विसरणार नाही. अंधारी खोली, पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं मशीन, त्यात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा पट्टीनं झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरनं नजर हलवायची नाही आणि बाजूला कुठंही बारीक लाइट चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा झाला, बटणाचा आवाज येत होता, कधी पटपट, कधी थांबून. डावा सुरू झाला. मशीन घरघरत होतं, लाइटची जागा बदलल्याचा आवाज येत होता, आणि आण्णांच्या बोटाचा आवाज येत नव्हता. मी मागं स्टुलावर बसून मोजायला लागले, दहा, पंधरा, वीस, मग एकदा टक, मग परत नुसती घरघर. चाळीस वर्षं ज्या बोटांना एक कण सुटलेला सहन व्हायचा नाही ती बोटं बटणावर तयारीत वाट बघत होती. टेस्ट संपल्यावर आण्णा बाहेर येऊन तिथल्या मुलीला म्हणाले, "ताई, मशीन मधनंच बंद पडत हुतं काय ओ?"

ती मुलगी काही बोलली नाही, कागद हातात दिला. कागदावर डाव्या डोळ्याचा खालचा जवळजवळ अर्धा भाग काळा आणि वरनं पण नाकाच्या बाजूला काळं आत येत चाललेलं. उजव्यात खाली एक काळी कमान. आण्णा कागद हातात धरून म्हणाले, पण मला तर काळं काय दिसत न्हाई. आणि हेच तर आहे, काळं दिसतच नाही. जिथं नजर गेलीये तिथं अंधार दिसत नसतो, मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा अंदाजानं भरून टाकतो, फरशी असेल तर फरशी भरतो, रस्ता असेल तर रस्ता. रांगोळीच्या जागी त्यांना साधा उंबऱ्यापुढचा कोबा दिसला असणार. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकत राहतो. दोन्ही उघडे असले की माणसाला आयुष्यभर वाटत राहतं, दिसतंय की.

त्या रात्री मला आजोबांची फार आठवण आली. ते कट्ट्यावर बसायचे, आमच्या पायांच्या आवाजावरनं कोण आलं ते ओळखायचे, आणि घरात सगळे म्हणायचे मोतीबिंदू पिकून फुटला त्यांचा. काचबिंदू हा शब्दच घरात नव्हता. आता नक्की कोण सांगणार, पण रक्ताच्या नात्यात, म्हणजे आईवडील, भाऊ, बहीण, मुलं यांच्यात कुणाला असला तर बाकीच्यांना धोका कितीतरी जास्त असतो. म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात जाऊन तपासून घेतलं, माझं सध्या ठीक आहे, दरवर्षी यायला सांगितलंय. दादा पुण्यात असतो, त्याला फोन केला तर म्हणाला, मला काय त्रास नाही गं. मी फोनवर रडले. मग गेला तो.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं भावाभावासारखी असल्यामुळं लोकांचा फार घोळ होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, बस्स, ते गढूळ भिंग काढून नवीन बसवलं की बहुतेकांना परत दिसतं. काचबिंदूत नस जाते, ती परत आणता येत नाही, ड्रॉप, लेसर, ऑपरेशन सगळं जे राहिलंय ते राखण्यासाठी. आत्याचं उदाहरण सांगते. दोन वर्षांपूर्वी आत्याचा जवळचा चष्मा आपोआप सुटला होता. पोथी बिनचष्म्याची वाचायला लागली, आईनं तर अंबाबाईला ओटी भरली. खरं म्हणजे ती मोतीबिंदूचीच सुरुवात होती, भिंग मधे घट्ट व्हायला लागलं की नंबर सरकतो आणि थोडे दिवस जवळचं चष्म्याशिवाय दिसतं, मग ते पण जातं. त्यानंतर तिला रात्री रंकाळ्याकडनं येताना समोरच्या गाड्यांचे लाइट फाकल्यासारखे दिसायचे, नंबर सारखा बदलायचा, आणि तिला सगळ्या पांढऱ्या साड्या मळलेल्या वाटायच्या, धुणेवालीला बोल लावायची बिचारीला. ऑपरेशननंतर पट्टी काढली तशी घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "ही भिंत निळी हाय व्हय? मी हिला करडी समजत हुतो!" आणि दिवसभर प्रत्येक डबा उचलून रंग बघत बसली. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं हे जुनं झालं हो, तेव्हाच्या ऑपरेशनच्या पद्धतीला ते चालत होतं. आता रोजच्या कामात अडचण यायला लागली की करून घ्यावं, फार पिकवला तर ऑपरेशन अवघड होतं आणि त्यातनं डोळ्याचं प्रेशर पण वाढू शकतं.

या सगळ्यात दवाखान्यात बाकावर इतके तास बसले की दुसऱ्यांचं ऐकून ऐकून बरंच कळलं. एक शिरोळकडचे काका होते, ऊस तोडताना पाल्याची कड डोळ्याला लागली. आपल्याकडं उसाच्या रानात हे किती कॉमन आहे, पाल्याची धार सुरीसारखी असते. त्यांनी दुकानातनं आणलेला कुठलातरी ड्रॉप आठ दिवस घातला, त्यात स्टिरॉइड होतं. झाडपाल्याची जखम झाली की बुबुळात बुरशी शिरू शकते आणि बुरशीला स्टिरॉइड म्हणजे खतपाणीच. डोळा लाल, सारखं पाणी, उजेड सहन होईना, आणि बुबुळावर पांढरा डाग, ज्याला आपण फूल पडलं म्हणतो. असं काही डोळ्याला लागलं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं, मध, आईचं दूध, तूप, गुलाबपाणी काही म्हणजे काही घालायचं नाही. आणि स्टिरॉइडचे ड्रॉप मनानं घालून घालून प्रेशर वाढलेले, काचबिंदू ओढवून घेतलेले पण लोक असतात. 2023 च्या पावसाळ्यात गावभर डोळे आले होते तेव्हा आमच्या गल्लीत एकच बाटली चार घरात फिरत होती, आठवलं की आता काटा येतो अंगावर. डोळे येणं बहुतेक वेळा व्हायरसनं असतं, आपोआप जातं, हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. पण डोळा लाल असून खूप दुखतोय, दिसायला कमी झालंय, तर ते डोळे येणं नव्हे.

काचबिंदूचाच एक प्रकार असा अचानक येतो. तो आण्णांच्या प्रकाराच्या एकदम उलट, एका बाजूचं डोकं फुटायला येतं, डोळा लाल आणि दगडासारखा घट्ट, बल्बभोवती रंगीत कडी दिसतात, आणि उलट्या होतात. उलट्या होतात म्हणून लोक पित्त समजून लिंबू सरबत पाजत बसतात आणि त्यात वेळ जातो, तिथं तर तासांवर नजर अवलंबून असते. तसंच डोळ्याच्या मागचा पडदा सुटण्याचं. डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके, झुरळाच्या मिशांसारखे धागे खूप वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर उद्या बघू नाही, आजच.

शुगरवाल्यांना तर मी हात जोडून सांगते. आमच्या शेजारच्या काका-काकूंना दोघांनाही शुगर, रंकाळ्याला रोज फेऱ्या मारणार, गोळ्या वेळेवर, पण डोळ्याच्या मागचा पडदा कधी तपासला नव्हता कारण दिसत होतं ना. शुगरनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि सुरुवातीला काहीच कळत नाही. वर्षातनं एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघून घ्यायचा, चार-पाच तास धूसर दिसतं, येताना गाडी चालवायची नाही, एवढाच काय तो त्रास. काकूंचं आण्णांच्या उलट झालंय, त्यांचं वयामुळं मधलं दिसणं गेलंय आणि कडेचं राहिलंय. समोर उभं राहिलं तर त्यांना आपला चेहरा दिसत नाही, साडीचा काठ दिसतो. त्यांना पहिल्यांदा कळलं ते मोरीच्या टाइल्समुळं, सरळ रेघा मधेच वाकड्या दिसायला लागल्या. तेव्हापासनं मी घरात सगळ्यांना एक करायला लावते, एक डोळा हातानं पूर्ण झाकायचा आणि दाराची चौकट बघायची, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी बघून काही कळत नाही हे मी आण्णांच्या कागदावर शिकले. लहान पोरांना पण हेच. माझा भाचा टीव्हीच्या अगदी पुढं जाऊन बसायचा, एक डोळा झाकला की रडायचा, त्याचा एका डोळ्याचा नंबर मोठा निघाला. सहा वर्षांचा आहे, चष्मा आणि चांगल्या डोळ्याला पट्टी सुरू आहे. आळशी डोळा लहानपणीच कामाला लावावा लागतो, मोठं झाल्यावर फार अवघड.

आण्णांना आता रोज रात्री नऊला एक थेंब. त्यांना दमा नाही, असता तर सांगावं लागलं असतं, कारण काचबिंदूच्याच टिमोलॉलसारख्या दुसऱ्या ड्रॉपनं दमेकऱ्याला धाप लागू शकते. पहिले दोन महिने ते सारखे म्हणायचे, याचा कायच उपयोग होईना, होतं तसंच दिसतंय. मी म्हणायचे, आण्णा, होतं तसंच दिसलं पाहिजे, तेवढ्यासाठीच आहे ते. पुष्कळ लोक इथंच ड्रॉप सोडतात. आई खालची पापणी ओढते, थेंब टाकते, मग आण्णा डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरतात म्हणजे औषध नाकात उतरत नाही, आणि आई शेजारी बसून दोन मिनिटं हळू आवाजात आकडे मोजते. या ड्रॉपनं त्यांच्या पापण्यांचे केस लांब आणि काळे झालेत. आई म्हणते, लग्नात पण असले नव्हते.

गुजरीतलं काम त्यांनी सोडलेलं नाही. फक्त चिमटा आणि मणी कुठं ठेवायचे ते ठरवून घेतलंय, सगळं उजव्या हाताला, आणि मधे मधे मान फिरवून बघायची सवय लावून घेतलीये.

परवा नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला आम्ही दोघं गेलो. 9, 10, 11 तारखेला मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतं, पहिल्या दिवशी देवीच्या पायाशी, मग वर, आणि सगळं जुळून आलं तर तिसऱ्या दिवशी मुखावर. गर्दी ही एवढी, आम्ही बाहेर स्क्रीनसमोर उभे होतो. मी त्यांच्या डाव्या अंगाला, हात धरून. ऊन गाभाऱ्यात शिरलं, सरकत सरकत वर चढलं, आणि सगळीकडनं अंबाबाईच्या नावाचा गजर सुरू झाला, माझ्या डोळ्यात पाणी आलं त्यामुळं मला स्क्रीन नीट दिसेना. आण्णा मात्र एकटक बघत होते. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "गळ्यातलं बघ, वरनं तिसरं पान जरा फिरलंय."

मग आरती झाली, लोक हलायला लागले, त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "पायऱ्या किती हाईत गं इथं?"

तीन, मी म्हटलं.